सव्वादोन तास मागचं घड्याळ

आमच्या गल्लीत सकाळचे दहा वाजायचे, तेव्हा दत्तूतात्यांच्या मनगटावर पावणेआठ वाजलेले असायचे. गल्ली दुपारचा चहा प्यायला लागली की तात्यांच्या घड्याळात जेवणवेळ व्हायची. रात्री सगळ्यांची दारं लागली तरी तात्या ओट्यावर पाय पसरून बसलेले. कुणी म्हणालं, "आवं तात्या, झोपा की आता," तर मनगट उजेडात धरून म्हणायचे, "झोपा काय? आजून आठ न्हाई झालं. तुमाला सगळ्याची घाई. गाव नुसतं पुढं पळतंय."

तसं त्यांना गावाची वेळ कळत नव्हती असं नाही. एसटी पकडायची असली की ते आपल्या वेळेत मनातल्या मनात सव्वादोन तास मिळवायचे. पण ते कसे, तर सोनं आटवताना वजनातली घट धरतात तसे. म्हणजे खोट गावाच्या वेळेत आहे आणि आपण ती समजून घेतोय, अशा थाटात.

घड्याळ साधंसुधं नव्हतं. स्वित्झर्लंडचं होतं. सेल नाही, रोज चावी द्यायची भानगड नाही. मनगट हललं की आतला लोलक फिरतो, स्प्रिंग भरते आणि घड्याळ चालतं. काढून ठेवलं तर दीड-दोन दिवसांत बंद. पाण्यात खोलवर नेलं तरी चालेल असं पाठीमागं कोरलेलं. त्याच्या किमतीत बऱ्यापैकी जुना ट्रॅक्टर आला असता. असलं घड्याळ लोक लग्नाकार्याला घालतात, फोटो काढतात आणि मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवतात. तात्या ते घालून म्हैस धुवायचे.

हे मी पूर्वी हसून सांगायचे. आता सांगताना मान वर होत नाही. कारण चार वर्षं एकदाही न थांबलेलं हे घड्याळ मी थांबवलं. हात लावला नाही. पत्रक काढलं.

मी हुंडा आणि मानपानाविरुद्ध काम करते. सांगलीला विश्रामबागेत शिकत असताना एका युवा मंचात गेले, तिथं पत्रकं लिहायला शिकले आणि मग दुसरं काही लिहायचंच विसरले. 'आम्ही विचारतो!' अशी सुरुवात, मधे चार थपडा, शेवटी तीन उद्गारचिन्हं. तात्या मला 'पत्रकबाई' म्हणायचे. आमचं घर त्यांच्या बरोबर समोर. त्यामुळं त्यांचा ओटा, गोठा आणि मनगट मला रोज दिसायचं. दिसायचं म्हणजे मला सगळं कळतं, अशी माझी समजूत होती.

तात्या गलाईवाले. विट्याकडच्या निम्म्या घरांतला एक तरी माणूस कुठल्या तरी लांबच्या शहरात सोनं गाळत बसलेला असतो, तसे तात्या बत्तीस वर्षं मदुराईला होते. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा विकत घ्यायचा, जाळायचा, धुवायचा, आटवायचा आणि त्यातून गुंजभर सोनं काढायचं, ही ती विद्या. दुकान पोराच्या हवाली करून तात्या गावी आले, पण विद्या सुटली नाही. स्वतःचं अंगण ते दाराकडून रस्त्याकडं झाडत नसत, रस्त्याकडून दाराकडं झाडत. केर ताटलीत घ्यायचा, उन्हाला तिरका धरायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि मगच उकिरड्यावर टाकायचा.

"काय घावलं का तात्या?" गल्लीतलं कुणीतरी हमखास विचारायचं.

"घावंल आसं न्हाई. पर बघितल्याबिगार टाकू ने."

म्हशीचं नाव त्यांनी मदुरा ठेवलं होतं. सदऱ्याच्या खिशात कसोटीचा काळा दगड आणि तेजाबाची इवलीशी बाटली कायम. समोर जे चमकेल ते दगडावर घासायचं, थेंब टाकायचा आणि निकाल द्यायचा. शाळेत असताना मला वक्तृत्वाचं रौप्यपदक मिळालं. मोठ्या ऐटीत दाखवायला गेले. तात्यांनी ते घेतलं, दगडावर ओढलं, थेंब टाकला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मुलामा हाय पोरी. आत पितळ. पर तू बोललीस ते मातर झकास." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

घड्याळसुद्धा या परीक्षेतून सुटलं नव्हतं. पट्टा अडकवतात तिथं एका कडेला बारीक चरा होता. "घासून बघितलं," तात्या अभिमानानं सांगायचे. "सोनं न्हाई, पोलाद हाय. पर आस्सल पोलाद." इतक्या महागाच्या घड्याळाला दगडावर घासणारा माणूस साऱ्या मुलखात दुसरा नसेल.

आणि मग जी त्या घड्याळाची धुलाई चालायची! द्राक्षबागेत लोखंडी अँगल रोवायला पहार मारायची, घड्याळ मनगटावर. मोरचूद फवारायचा, घड्याळ मनगटावर. पट्ट्याच्या कड्यांमधे निळा रंग कायमचा जाऊन बसला होता. विहिरीत मोटारीच्या पाइपाचा तळातला फूटव्हॉल अडकला की तात्या स्वतः बुडी मारायचे आणि वर आल्यावर तोंडावरचं पाणी पुसायच्या आधी मनगट कानाला लावायचे. वर उभी असलेली माणसं श्वास रोखून बघतायत आणि हे पाण्यात तरंगत डोळे मिटून ऐकतायत. मग तो ठरलेला शब्द यायचा, "थांबलं न्हाई."

एकदा गल्लीतल्या क्रिकेटच्या सामन्यात तात्या हौसेनं फलंदाजीला उतरले. चेंडू उसळला आणि सरळ मनगटावर बसला. तात्यांनी बॅट टाकली, घड्याळ कानाला लावलं, "थांबलं न्हाई!" म्हणून ओरडले आणि मग मटकन खाली बसले. विट्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, "घड्याळाला काही झालेलं नाही. हाडाला चीर गेलीय." प्लास्टर घालायला घड्याळ काढायला हवं होतं. तात्यांनी ते कंपाउंडरला धरू दिलं नाही. डाव्या हातातून काढून तिथल्या तिथं उजव्या हातात चढवलं आणि प्लास्टर ओलं असेपर्यंत उजवा हात उगाचच हलवत बसले. डॉक्टरांना वाटलं वेदना असह्य होतायत, त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

एवढं करून घड्याळ मागं का पडलं, तर त्याला कारण होतं. यंत्राचं घड्याळ, रोज पाच-सहा सेकंद मागं जायचं. काटे जुळवायचे तर बाजूची कळ बाहेर ओढावी लागते, आणि ती ओढली की सेकंदाचा काटा जागीच उभा राहतो. तात्यांनी चार वर्षांत ती कळ ओढली नाही. सेकंदाची मिनिटं झाली, मिनिटांचे तास झाले. तारखेची खिडकी तर कुठल्या तरी वेगळ्याच महिन्यात राहत होती.

मी एकदा भांडलेच. "तात्या, एक मिन्ट थांबवलं तर काय बिघडतंय? बरोबर वेळ तरी दाखवंल."

"येळ कोनाला पायजे? येळ तर कोंबडा बी सांगतोय," तात्या म्हणाले. "थांबलं न्हाई पायजे."

सांगलीला नूरभाई म्हणून एक जुने घड्याळजी आहेत. मी कॉलेजला जाताना तात्या एकदा माझ्याबरोबर त्यांच्याकडं आले. नूरभाईंनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ मनगटावर असतानाच फिरवून फिरवून बघितलं आणि विचारलं, "तात्या, हे घालून तुमी शेती करताय का मारामारी?"

"दोनी. आतनं साफ करायचंय. पर चालत्यात करा."

"पळत्या घोड्याला नाल ठोकता येत न्हाई, तात्या. माल दणकट हाय. धक्का सोसंल, पानी सोसंल, धूळ सोसंल. पर तेल वाळतंय, आतलं रबर कुजतंय. चार दिवस माझ्याकडं बंद पडू द्या, पुढं धा वर्सं बघाया नको. सोसनाऱ्याला बी इसावा द्यावा लागतो."

"बंद करायचं आसतं तर घातलं कशाला आसतं?" तात्या उठलेच.

एका शब्दावर मात्र तात्या पिसाळायचे. विट्याच्या स्टँडवर चहा पिताना एक मोटारसायकलवाला पोरगा कौतुकानं मनगटाकडं बघून म्हणाला, "लय भारी काका. पन ह्यो डुप्लिकेट पीस आसंल न्हवं?" तात्यांनी कप खाली ठेवला. हॉटेलवाल्याच्या खरकट्या कपांच्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि ठेवला तो ठेवलाच. पोरगा घाबरून "काका, चुकलं, काका" म्हणतोय, एसटी हॉर्न देतीय, आणि तात्या बादलीत हात घालून उभे. शेवटी हात बाहेर काढला, पोराच्या कानाला लावला. "आईक. चाललंय? मग जा."

सगळ्या स्टँडला हसू आलं. मलाही आलं. आणि हसता हसता मनात आलं, कशाला एवढा माज?

हा 'माज' शब्द माझा. मंचाच्या बैठकीत ठरलं होतं की आता पत्रकात नुसती तत्त्वं नकोत, डोळ्यांसमोरची उदाहरणं हवीत. मला उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही. खिडकी उघडली आणि लिहिलं :

'आम्ही विचारतो! म्हशी धुताना ज्यांच्या मनगटावर परदेशी घड्याळ चमकतं, त्यांनी ते कुठून आणलं? असली घड्याळं विकत घेतली जात नाहीत. ती मांडवात उकळली जातात! घेणारा जेवढा गुन्हेगार, तेवढाच देणारा! दोघांनाही गल्लीनं ओळखावं!!!'

नाव घातलं नव्हतं. नावाची गरजच नव्हती. तात्यांचा पोरगा दोन वर्षांपूर्वी उजवला होता. मी मनातच ठरवून टाकलं की घड्याळ तिथलं. घड्याळ त्याच्या आधीपासून मनगटावर होतं, एवढं साधं गणितसुद्धा मी केलं नाही. समोरचा ओटा माझ्या दारापासून वीस पावलांवर. विचारायला गेले नाही.

तात्यांना एक मुलगीही आहे, रोहिणी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. लग्न होऊन साताऱ्याकडं दिली होती, पण चार वर्षं माहेरीच होती. विट्याच्या एका कॉलेजात क्लार्क. नवरा परदेशात असतो, असं गल्लीत म्हणायचे, आणि मी ते तसंच धरून चालले होते. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी बरोबर जायचो. मला बसायला जागा मिळाली नाही की ती माझा पत्रकांचा गठ्ठा आपल्या मांडीवर घ्यायची. हे नवं पत्रक घेऊन निघाले, त्या दिवशीही घेतला. वरचं एक पत्रक काढून वाचलं.

"हे तू लिवलंस?"

"मग! कसं झालंय?"

तिनं पत्रकाची घडी घातली, पर्समधे ठेवली आणि विट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, लेख अंगावर आला. इतकी मी हुशार.

बाजाराचा दिवस होता. दुपारपर्यंत पत्रक हातोहात गेलं. संध्याकाळी तात्या पेंडीचं पोतं घेऊन चहाच्या टपरीपाशी आले, तेव्हा कुणीतरी आवाज दिला, "आवं तात्या, किती वाजलं? घरातलं न्हवं, मांडवातलं सांगा!" खसखस पिकली. तात्यांनी पत्रक मागून घेतलं. उभ्या उभ्या वाचलं, शेवटपर्यंत. मग ज्याचं होतं त्याला परत दिलं, पोतं खांद्यावर घेतलं आणि चालू लागले. मी समोरच्या रसवंतीत बसून हे बघत होते. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. हे मी लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मदुराला धूत होते आणि मनगट मोकळं होतं. उन्हानं रापलेल्या काळ्या हातावर तेवढा एकच पट्टा पांढरा, लहान मुलाच्या अंगासारखा. मी घरात जाऊन म्हटलं, "बघितलंस आई? पत्रकाची ताकद!" आई भाकरी जरा जास्तच जोरात थापू लागली.

चौथ्या दिवशी एसटीत रोहिणीनं माझा गठ्ठा घेतला नाही. शेजारी बसली. बऱ्याच वेळानं, समोर बघतच म्हणाली, "घड्याळ थांबलं."

"कुठलं?"

"किती घड्याळं हायत गं आमच्यात? तुझ्या पत्रकानंतर काढून तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. काल सकाळी मी उठले, तर तात्या डबा पुढ्यात घेऊन बसलेले. घड्याळ कानाला लावून. मला वाटलं ऐकतायत. जवळ गेले तर म्हणाले, 'थांबलं गं.'"

"हलवलं की चालू होतं ना ते?"

"हलवलं न्हाई त्यांनी. मी बी न्हाई हलवलं."

मग विट्याच्या स्टँडवर, उसाच्या रसाच्या गाड्यामागं उभं राहून, तिनं मला जे सांगितलं ते चार वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर बसलेलं होतं.

घड्याळ मांडवातलंच होतं. तात्यांनी ते घेतलं नव्हतं, दिलं होतं. रोहिणीच्या लग्नात सासरच्यांनी ऐन वेळी अडून बसून मागितलेलं, नवरदेवाला मानपान म्हणून. एवढं महागाचं घड्याळ रोज कोण घालणार, म्हणून लग्नानंतर ते कपाटात गेलं. महिन्याभरानं कुणाच्या तरी बारशाला बाहेर काढलं तर बंद! मनगटावर नसलं की ते थांबतं, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाला गरज वाटली नाही. सासू म्हणाली, "गलाईवाला ना बाप! जगाचं खोटं ओळखतो आणि आमच्या गळ्यात डुप्लिकेट मारलं." तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी डुप्लिकेट. पाहुण्यांसमोर डुप्लिकेट. पुढं हातही उठायला लागला. एक दिवस घड्याळाची डबी तिच्या हातात दिली. "खरं घेऊन ये. तोवर येऊ नकोस."

"मी साताऱ्याहून एसटीनं आले," रोहिणी म्हणाली. "डबी पिशवीत. रस्ता तुला म्हाईत हाय. घरी आल्यावर तात्यांनी डबी उघडली, तर घड्याळ चालू! एसटीच्या हिसक्यांनी. तात्या लगेच चप्पल घालून निघाले, आत्ताच्या आत्ता साताऱ्याला जातो आणि दाखवतो म्हणून. मी म्हटलं, तात्या, मी परत जाणार न्हाई. त्यांनी चप्पल काढली. घड्याळ मनगटावर चढवलं. बास. त्या दिवसापासून आजतागायत त्या विषयावर आमच्यात एक शब्द न्हाई. मी बोलले न्हाई, त्यांनी विचारलं न्हाई. कधीतरी ते लोक येतील, आणि आले की मनगट पुढं करायचं, एवढंच धरून बसले होते."

काडीमोडाचे कागद दोन वर्षांपूर्वी टपालानं आले होते. नवरा परदेशात वगैरे नव्हता. माझ्या आईला हे माहीत होतं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. मी आईवर चिडले, मला का नाही सांगितलंस? आई म्हणाली, "तू लिवतीस न्हवं. म्हनून."

सासरी छळ झालेल्या मुलींसाठी मी ध्वनिक्षेपकावर ओरडत होते आणि तसली एक मुलगी माझाच गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. ज्याच्याकडून उकळलं त्यालाच मी चोर ठरवलं होतं. आणि 'मांडवात उकळली जातात' हे वाक्य तर शब्द न् शब्द खरं होतं. खऱ्या वाक्यानं इतकं खोटं बोलता येतं, हे मला कुठल्या शिबिरात शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी वीस पावलं चालून समोरच्या ओट्यावर गेले. तात्या कडब्याच्या पेंढ्या सोडत होते. उजेड होता, पण किती वाजले हे त्यांनीही बघितलं नाही आणि मीही.

"या पत्रकबाई."

"तात्या, मी चुकले."

"कुटं चुकलीस? मांडवात उकळलं लिवलंस. मांडवातच उकळलं."

"तुमच्याकडनं उकळलं, तात्या. मी उलटं..."

"उलटं बी न्हाई आनि सुलटं बी न्हाई," तात्या पेंढी झटकत म्हणाले. "फुडं काय लिवलंयस? घेनारा जेवडा, तेवडाच देनारा. ते वाक्य मी चार दिवस घासतोय. बावनकशी हाय. थेंब टाकला तरी रेघ उडत न्हाई."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला कळलं हुतं गं," ते खाली बघून म्हणाले. "ऐन येळंला घड्याळ मागितलं, तवाच कळलं, मानूस हिणकस हाय. बत्तीस वर्सं साऱ्या दुनियेला कस लावला. केर बघितल्याबिगार टाकला न्हाई. आनि पोरगी देताना म्हनलं, मांडव पडलाय, पावनं आल्यात, आता कुटं बघत बसायचं. लोकं काय म्हनतील. दुकानात गेलो आनि घेऊन आलो."

"घड्याळ हलवा ना तात्या. होईल चालू."

"हुईल की. त्याला काय झालंय? पर चार वर्सं थांबलं न्हाई, आसं आता म्हनता येनार न्हाई." मग हसल्यासारखं करून म्हणाले, "तसं म्हननार तरी कुनाला हुतो? बघाया कोन आलंच न्हाई."

मी रडले असते, पण तो हक्क माझा नव्हता.

"एक काम कर," तात्या म्हणाले. "दुसरं पत्रक काढ. मी सांगतो तसं. साताऱ्यात वाट, हितं विट्यात वाट, कुटं बी वाट. त्यात लिव, घड्याळ मी दिलं. माझं नाव घाल. पुरं घाल. बापाचं घाल, गावाचं घाल. दिलं ही माझी चूक, आसं लिव. त्यांचं काय लिवायचं ते तुला कळतंय. फकस्त पोरीचं नाव नको. तिला हितंच रहायचंय, त्याच एसटीनं जायचंय."

मी वही काढली. आजवर शंभर पत्रकं लिहिली असतील, पण समोरच्या माणसाला विचारून एकही नाही. तात्या सांगत होते तसं लिहू लागले. पहिल्या ओळीत त्यांचं नाव लिहिलं आणि दारातून आवाज आला.

"माझं बी घाल."

रोहिणी उंबऱ्यात उभी होती. हाताला पीठ.

तात्या गडबडले. "तू आत जा. आमचं हितं येगळं चाललंय."

"चार वर्सं आतच हाय," ती म्हणाली.

तात्यांनी पेंढी खाली ठेवली. मी पेन कागदावरून उचललं.

"आगं, तुझं नाव कशाला? लोकं बोलतील."

"लोकं बोलायची थांबलीत व्हय? तुमी काय नुसतं पैसं मोजलंत, तात्या. ऐकून घेतलं ते मी. मारबी मीच खाल्ला." तिचा आवाज चढला. तात्यांनी मार हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला असावा; त्यांचे हात कडब्यावर तसेच राहिले. "तवा नाव माझं बी आलं पायजे. आनि तुमच्या आधी आलं पायजे."

"आधी?" तात्या कसेबसे म्हणाले. "बापाचं नाव आधी आसतंय."

"लग्नपत्रिकेत आसतंय. हितं न्हाई."

"मग वरनं खाली वयानं घाल."

"वयानं कशाला? ज्याचं जास्त गेलं त्याचं आधी."

"माझं काय कमी गेलं व्हय गं?" तात्यांचा आवाज फुटला.

समोरच्या खिडक्या उघडल्या. त्यात आमचीही एक होती. चार वर्षं त्या विषयावर एकमेकांशी न बोललेली ती दोघं ओट्यावर सगळ्यांदेखत भांडत होती, आणि माझी मान वहीवरून वर येत नव्हती.

तात्यांनी कडबा बाजूला सारून जागा केली. रोहिणी पिठाचे हात तसेच धरून त्यांच्याशेजारी बसली, आणि बसल्या बसल्या माझ्या वहीत वाकून म्हणाली, "खोड ते. पयलं माझं लिव."